सरकीच्या पोटातलं चाक

निवृत्त माणसाला कोणी विचारत नाही म्हणतात. साफ खोटं! मला रोज दोन-तीन फोन येतात, आणि प्रश्न एकच असतो, "डॉक्टरसाहेब, आमच्या कुत्र्यासाठी चांगला डॉक्टर सांगा ना." आमच्या गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एक बाई तर मी सकाळी फिरायला निघालो की फाटकाशी उभ्याच असतात. डॉक्टर कुठं शिकला, रागीट आहे का, हात हलका आहे का, सगळी चौकशी. एवढी चौकशी माझ्या सासऱ्यांनी माझीसुद्धा केली नव्हती.

आता मी पडलो बैलांचा डॉक्टर. तीसेक वर्षं सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेली, त्यातली बहुतेक वर्धा जिल्ह्यात. शेवटची नेमणूक केळझरच्या आसपासच्या एका गावात होती. गावाचं नाव सांगत नाही, कारण माझ्या जागेवर आता आलेला मुलगा सज्जन आहे आणि पुढं जे मी सांगणार आहे त्यातलं काहीही त्याच्या अंगाला चिकटू नये. संपादकांनी दिवाळीसाठी लेख मागितला तेव्हा म्हटलं, चला, ती सरकीची गोष्ट एकदाची लिहूनच टाकू. फोन तरी कमी होतील.

आधी एक कबुली. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत दवाखान्यात कुत्रा आला की मी टेबलाच्या पलीकडं असायचो. हसू नका! बैल लाथ मारायच्या आधी सांगतो. कान मागं घेतो, शेपटी झटकतो, अंग आखडतो. आणि तो लोखंडी खोड्यात अडकवलेला असतो. कुत्रा मोकळा असतो आणि त्याची शेपटी हलत असताना त्याच्या मनात काय चाललंय ते मला कळायचं नाही. मला कुत्रा धरायला शिकवलं ते आमच्या दवाखान्याच्या परिचरानं, देवरावनं. देवराव माझ्यापेक्षा वयानं मोठे, शिक्षण सातवी, आणि कुठलंही जनावर त्यांच्या हाताखाली आलं की निमूट व्हायचं. "साहेब, वरून हात नोका आनू," ते सांगायचे. "खालून आना. त्याले हुंगू द्या. आपन त्याच्या घरी आलो असं समजाव." हे मला कॉलेजात कोणी सांगितलं नव्हतं.

तर माणकसेठ. हे सिंदी रेल्वेचे कापसाचे व्यापारी. कापसाची गाडी दारात आली की वरचा माल ते बघतच नाहीत. कोपरापर्यंत हात आत खुपसतात, तळातला पुंजका काढतात, दोन अंगठ्यांत धरून ओढतात, धागा किती लांब निघतो ते पाहतात, आणि मग आतली सरकी दाताखाली फोडतात. कडकन फुटली तर माल सुका. "वरचा कापूस तं सगळ्याइचाच पांढरा असते," असं ते गाडीवाल्याच्या तोंडावर म्हणतात आणि गाडीवाला मान खाली घालतो. एवढ्यावर थांबत नाहीत. गाडी भरलेली मोजतात, माल उतरला की रिकामी मोजतात, स्वतः काट्याशी उभं राहून.

त्यांच्या कापसाच्या गंजीवर एक दिवस काळसर तपकिरी रंगाचं कुत्रीचं पिल्लू सापडलं. त्यांची नात परी, वय वर्षं आठ, तिनं ते उचललं आणि घरात आणलं. गंजीत सापडलेलं, एवढंसं, काळं. नाव ठेवलं सरकी.

पोळ्याच्या आधीचे दिवस. कापूस शेतात उभा, म्हणजे व्यापारी रिकामे. अशा वेळी सेठजी सरकीला कडेवर घेऊन दवाखान्यात आले, सोबत परी.

"काय झालं हिला?" मी विचारलं.

"काय झालं थे तुमी सांगा. मीच सांगतलं तं तुमी कायचे डॉक्टर?"

आमच्या टेबलावर वासरूसुद्धा झोपेल, त्यावर ही बया थरथरायला लागली. म्हणून मी सरळ फरशीवर मांडी घातली आणि तिला मांडीत घेतलं. देवरावच्या शिकवणीप्रमाणं आधी हुंगू दिलं. मग ओठ वर करून हिरड्या पाहिल्या, गुलाबी होत्या. बोटानं दाबल्या, पांढऱ्या झाल्या, सोडल्यावर लगेच पुन्हा गुलाबी. म्हणजे रक्त चांगलं खेळतंय. ताप नाही. स्टेथोस्कोप लावून ठोके ऐकले, पोट चाचपलं, कानांत पाहिलं, ती काय खाते, किती खाते, कुठं बसते हे सगळं परीला विचारलं. सेठजींना नाही, परीला. कारण कुत्र्याचं खरं खाणंपिणं घरातल्या सगळ्यात लहान माणसाला माहीत असतं. मग स्टेथोस्कोप गळ्यात तसाच लोंबता ठेवून मी भाषणाला सुरुवात केली. सरकी तोवर माझ्या मांडीत काहीतरी चघळत होती. मला वाटलं, शर्टाचं बटण.

"सेठजी, हिला काहीही झालेलं नाही. घेऊन जा."

"सुई?"

"कशाला?"

"टॉनिक तरी लिहा."

"टॉनिक तुम्हाला लिहून देऊ का?"

सेठजींनी माझ्याकडं असं पाहिलं की आता हा माणूस मला दाताखाली घेतो की काय! मग परीकडं वळून म्हणाले, "झालं. हाच."

तेव्हा उलगडा झाला. कुत्री धडधाकट होती आणि सेठजी डॉक्टर पारखत फिरत होते. माझ्याआधी तिघांकडं जाऊन आले होते. एकानं दारातूनच पाहून दोन सुया सांगितल्या. दुसऱ्यानं सरकीला हात न लावता परदेशी खाण्याचं पोतं घ्यायला लावलं. तिसरा फोनवर बोलत बोलत तपासत होता, आणि त्यानं कागदावर लिहिलं, जात गावठी, नर. "नर!" सेठजी कपाळावर हात मारून म्हणाले. "अन् तुमी म्हनलं काई नाई झालं. चार डॉक्टराइत एक खरं बोलला, बापा!"

मी किती फुगलो म्हणून सांगू! संध्याकाळी बायकोला सांगितलं, मुलाला फोन करून सांगितलं, आमच्या बॅचच्या व्हॉट्सअप ग्रुपवर लांबलचक लिहिलं. तीस वर्षांत साहेबांनी कौतुक केलं नव्हतं, ते एका कापूसवाल्यानं केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एका बैलाच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि उघडी गार कड लागून बैल दचकला. पाहतो तर चकतीभोवतीची काळी रबरी कडी गायब. जुना स्टेथोस्कोप, कडी सैल झालेलीच होती. मी देवरावांवर उखडलो. रात्री सामान तेच आवरून ठेवतात ना!

"मी कायले हरवू, साहेब? काल थे कुत्री काईतरी चावून राह्यली होती, तिनंच खाल्ली असन."

"अहो, ती माझं बटण चावत होती."

"बटन तं जागेवर हाय तुमचं."

मी खाली पाहिलं. कालचाच शर्ट अंगात होता. सगळी बटणं जागेवर होती. आता माणसानं इथं थांबून विचार करायला नको? पण मी पडलो चार डॉक्टरांत खरं बोलणारा! मी म्हणालो, "देवराव, वस्तू सांभाळता येत नसेल तर मुक्या जनावरावर ढकलू नका."  रोज अकरा वाजता आम्ही दोघं खोड्याशेजारी उभं राहून चहा घ्यायचो, पण त्या दिवसापासून देवराव आपला कप घेऊन मागच्या दाराशी जाऊन बसायला लागले.

मग पोळा आला आणि गेला, आणि दुसरा दिवस तान्ह्या पोळ्याचा. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, पोळा बैलांचा, आणि तान्हा पोळा पोरांचा. चाकांवर चालणारे लाकडी बैल सजवून मुलं रांगेनं काढतात, मग घरोघरी नेतात, आणि घरचे लोक त्यांना खाऊ नाहीतर पैसे देतात, त्याला बोजारा म्हणतात. मी क्वार्टरच्या ओट्यावर बिस्किटांचा डबा घेऊन बसलो होतो. तेवढ्यात सेठजींची गाडी दारात करकचून थांबली.

सेठजींच्या कडेवर सरकी, मान टाकलेली. मागं परी, नवा फ्रॉक, काखेत लाकडी बैल. बैलाला चाकं तीन. परी इतकी रडत होती की तिचं बोलणं कळायला वेळ लागला.

"मी सरकीले बैल ओढाले लावला. तिच्या तोंडात दोरी देली. अन् मंग चाक नाई दिसलं. तिनं चाक खाल्लं. आता काईच पोटात ठरत नाई तिच्या, पानी पन नाई."

मी सरकीला ओट्यावर घेतलं. हिरड्या कोरड्या. पोटात बोटांना काहीतरी लागलं, गोल, आणि तिथं हात गेला की ती कण्हायची. आतडं तुंबलं होतं. पोट उघडायला पाहिजे, तेही आजच.

"उघडा मंग," सेठजी म्हणाले. "तुमीच उघडा. मी तुमाले निवडलं हाय."

खरं सांगतो, मला मोह झाला. बैलाचं पोट मी कितीदा उघडलंय. बैल चाऱ्यातून खिळे, तारा, काय काय गिळतो. खांद्यापर्यंत हात आत घालायचा आणि चाचपत काढायचं. पण सरकीच्या पोटात माझी दोन बोटं जेमतेम मावली असती, आणि कुत्र्याचं आतडं मी जन्मात शिवलं नव्हतं. समोर ते सेठजी, त्यांच्या डोळ्यांत तो विश्वास. तोंडापर्यंत 'हो' आलं होतं. पण परीनं माझ्या सदऱ्याचं टोक धरलं आणि विचारलं, "तुमाले येते ना हे?"

"नाही येत," मी म्हणालो. "पण ज्यांना येतं त्यांच्याकडं आत्ता नेतो."

वर्ध्याला डॉक्टर मृणाल आहे. शिकत असताना काही दिवस माझ्याकडं येऊन गेलेली, आता कुत्र्या-मांजरांचा स्वतःचा दवाखाना. फोन लावला. "पाणी पाजू नका, लगेच निघा, सर," एवढंच म्हणाली.

निघालो खरे, पण तान्ह्या पोळ्याच्या दिवशी वर्ध्याला लवकर पोचणं सोपं आहे का! वाटेत सेलू लागलं, रस्ताभर बैल. एवढे एवढे, पितळी घुंगरांचे, झुली घातलेले, एकाच्या पाठीवर तर लुकलुकणारे दिवे. मंडपातून माईकवरून कोणीतरी ओरडतंय, "क्रमांक सात, बैल पुढे घ्या, क्रमांक सात!" आमच्या गाडीपुढं पाच-सहा पोरं आडवी. बोजारा दिल्याशिवाय हलणार नाहीत. सेठजी खिडकीतून अर्धे बाहेर आले आणि ओरडले, "अबे, जाऊ द्या रे, आमची कुत्री मरून राह्यली!" पोरांनी आत डोकावून पाहिलं. सरकी पाहिली, रडणारी परी पाहिली, तीन चाकांचा बैल पाहिला. आणि मग जे झालं ते मी विसरणार नाही. ती पोरं आपापले बैल काखेत मारून गाडीपुढं पळायला लागली. "सरका! सरका! कुत्री बिमार हाय!" क्रमांक सातसकट सगळा पोळा बाजूला झाला. बिस्किटांचा अख्खा डबा मी खिडकीतून त्यांच्या हातात दिला.

मृणालनं एक्स-रे काढला. गोल, ठळक सावली.

"सर, लाकूड एवढं ठळक दिसत नाही," ती म्हणाली.

"रंगात काहीतरी असेल," मी म्हणालो. "चाक तिथं नाही तर जाईल कुठं?"

तिनं एक्स-रे खाली ठेवला. भूल दिली, पोट उघडलं. तिची बोटं मी पाहत राहिलो. घाई नाही, थरथर नाही, जणू भरतकाम करतेय. "सर, तुम्ही तेवढे ठोके ऐका," ती म्हणाली. निघताना गळ्यात अडकवलेला स्टेथोस्कोप मी लावला. तिनं मान न वळवता नुसते डोळे फिरवले.

"सर, याची कडी कुठं गेली?"

"देवरावनं हरवली."

आणि त्याच क्षणी तिच्या चिमट्यात सरकीच्या आतड्यातून काळी, गोल, दातांच्या खुणांची रबरी कडी वर आली. मृणालनं कडीकडं पाहिलं. माझ्या स्टेथोस्कोपकडं पाहिलं. पुन्हा कडीकडं पाहिलं.

"देवरावनं?" ती म्हणाली.

अहो, जमीन दुभंगावी असं वाटलं! मृणालनं आतडं या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपलं. चाक नव्हतंच. सरकीनं ते कधी खाल्लंच नव्हतं. कडी इतके दिवस गुपचूप पोटात बसली होती आणि नेमकी तान्ह्या पोळ्याला पुढं सरकून अडकली. मृणालनं टाके घातले, हातमोजे काढले आणि म्हणाली, "सरकी वाचेल. बाहेर काय सांगायचं ते तुम्ही बघा, सर."

दाराआड उभं राहून मी पाहिलं. बाकावर परी बसली होती, मांडीवर बैल, आणि जिथं चाक नव्हतं तिथं ती बोट ठेवून होती. एक शब्द पुरला असता. चाकाबद्दल नुसतं 'निघालं' म्हटलं असतं तर सगळे हसले असते आणि माझी अब्रू शाबूत राहिली असती. पण मग ती पोर आयुष्यभर हेच धरून बसली असती की आपल्यामुळं सरकी मरता मरता वाचली. नको रे बाबा!

मी बाहेर जाऊन तिच्यासमोर फरशीवर बसलो. धुतलेली कडी तिच्या हातावर ठेवली, मग उचलून स्टेथोस्कोपच्या चकतीवर चढवली. बरोबर बसली.

"परी, हे निघालं पोटातून. हे माझं आहे. त्या दिवशी मी तिला मांडीवर घेतलं ना, तेव्हा तिनं खाल्लं आणि मला कळलं नाही. तुझ्या बैलाचं काही नाही त्यात."

तिनं चकतीवरची कडी बोटानं फिरवून पाहिली. "मंग मी नाई मारली तिले?"

"नाही. आणि ती मेलीही नाही. झोपलीय."

"पन तुमी तं म्हनलं होतं, काईच नाई झालं हिले."

"म्हटलं होतं," मी म्हणालो. 

सेठजी उभे होते. मी त्यांच्याकडं पाहायला धजेना. एवढ्या मोठ्या पारखीचा निवडलेला डॉक्टर! त्यांचे डोळे भरून आले होते. डोळे पुसायला त्यांनी सदऱ्याच्या खिशातून रुमाल ओढला, आणि रुमालाबरोबर टक्कन फरशीवर काहीतरी पडलं, आणि घरंगळत जाऊन बाकाच्या पायाशी लवंडलं.

लाल रंगाचं चाक.

"आबाजी!" परी किंचाळली.

सेठजींचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. सकाळी अंगणात निखळून पडलेलं दिसलं, सुताराकडून बसवून आणू म्हणून खिशात टाकलं, तेवढ्यात सरकी ओकायला लागली आणि डोक्यातूनच गेलं. गाडीच्या तळापर्यंत हात घालणाऱ्या माणसानं दिवसभर आपल्या खिशात हात घातला नव्हता! परीनं आम्हा दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं, एक डॉक्टर, एक आबाजी, आणि डोळ्यांत पाणी असतानाच फस्सकन हसली. मग सेठजी हसले, मी हसलो. मृणाल दार उघडून म्हणाली, "हळू! पेशंट झोपलाय." त्यावर आणखी हसलो.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी दोन कप चहा घेऊन मागच्या दाराशी गेलो. देवराव तिथंच बसले होते.

"देवराव, कडी सापडली. कुत्रीनंच खाल्ली होती. मी तुम्हाला उगाच बोललो. माफ करा."

त्यांनी कप घेतला, एक घोट घेतला. "मी तं सांगतलं होतं, साहेब," एवढंच म्हणाले. पुढं कधी त्यांनी त्या गोष्टीचा उल्लेख केला नाही. सरकीच्या बाबतीतली माझी चूक टाक्यांनी भरून निघाली. देवरावांना तसं बोललो याची लाज मला अजून वाटते.

त्यानंतर सेठजी कुठं जाणार ते मला वाटलं ठरलेलंच आहे. वर्ध्याला, मृणालकडं. जायलाच पाहिजे. पुढच्या तान्ह्या पोळ्याला मी निवृत्त झालो होतो, घरच्या ओट्यावर बिस्किटांचा डबा घेऊन बसलो होतो. फाटक वाजलं. सेठजींच्या गाडीतून उतरून परी आली, बैल चारही चाकांवर, आणि मागं सरकी, पोटावर टाक्यांची रेघ, शेपटी गरगर.

मी आनंदानं हात पुढं केला, खालून, हुंगायला.

"थांबा," परी म्हणाली. "पहिले तुमचं नळीचं यंत्र आना."

आणलं. तिनं ते हातात घेऊन मोजलं. कानातली दोन बोंडं. एक चकती. एक कडी, ती ओढून पाहिली, घट्ट आहे ना. "आबाजी म्हनते, गाडी भरली असली तई मोजाव अन् खाली झाल्यावर बी मोजाव. आता पाहा तिले."

मी फरशीवर मांडी घातली. हिरड्या, ठोके, पोट, कान, सगळं पाहिलं. यंत्र परत दिलं. तिनं पुन्हा मोजलं, दोन बोंडं, एक चकती, एक कडी.

"सगळं हाय," ती म्हणाली. "आता सांगा, काई झालं तं नाई ना हिले?"

"मला तरी काही दिसत नाही," मी म्हणालो. "पण दोन दिवस लक्ष ठेवजो. काही वाटलं तर मृणालताईला फोन करजो."

तिनं मान डोलावली. "हं, आता बराबर बोलले," म्हणाली, आणि बोजाऱ्यासाठी हात पुढं केला.